न पुसलेलं नाक

थंडीच्या तोंडावर आमचं यंत्र बंद पडलं नव्हतं, बंद केलं होतं. यात फरक आहे. बंद पडलं असतं तर बाबांनी त्याचा पट्टा बदलला असता, दात साफ केले असते, तेल घातलं असतं, शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा घरघरायला लागलं असतं. मुद्दाम बंद केलेल्या यंत्राला मात्र कुणी काय करणार? ते शेडमध्ये नुसतं उभं होतं आणि त्याच्याभोवती जुन्या गाद्यांचे ढीग वाढत होते.

आम्ही गाद्या करतो. लोक वर्षानुवर्षं झोपून दगड झालेली गादी आणून टाकतात. आम्ही ती उसवतो, आतला कापूस यंत्रात पिंजतो, खोळ धुऊन पुन्हा भरतो, काठीने सारखा करतो आणि दाभणाने टाके घालतो. सगळं काम थंडीच्या आधी येतं. उन्हाळ्यात कुणाला गादी आठवत नाही, पण सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली की अख्ख्या गावाची पाठ एकदम दुखायला लागते.

यंत्र बंद केलं होतं बोंड्यासाठी. बोंड्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, नुकता वाक्यं बोलायला लागलेला. कापसाच्या बोंडासारखा गोल, म्हणून बोंड्या. त्याला खोकला लागला होता आणि तो साधा नव्हता. एरवी तो मजेत असायचा. रिकाम्या खोळीत शिरायचा, माझी वही पळवायचा. मग खेळता खेळता एकदम थांबायचा. डोळे मोठे व्हायचे. "आला, आला," म्हणत धावत यायचा आणि जो दिसेल त्याचा गुडघा घट्ट धरायचा. मग खोकला सुरू. एकामागून एक, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. चेहरा लाल, मग जांभळा, ओठ काळे. शेवटी उलटी. आणि उलटी झाल्यावर घामाने ओला होऊन आईच्या मांडीवर पडायचा, जणू कुणी त्याच्यातला कापूसच काढून घेतला आहे.

"धूळ," काका म्हणाला. "दुसरं काय असणार? पोराला कापसाच्या धुळीत वाढवताय."

काका आमच्या शेजारीच राहतो. अंगण एक, शेड एक. शेडची अर्धी बाजू त्याची, तिथे तो धान्याची पोती ठेवतो. यंत्रामुळे पोत्यांवर पांढरी साय धरते, हे त्याचं जुनं दुखणं. पण आता काकीला बाळ झालं होतं, इतकं नवं की त्याचं नावही ठरलं नव्हतं, आणि काकाच्या बोलण्याला धार आली होती.

यंत्र आईच चालवते. बोंड्या रांगत होता तेव्हा ती त्याला शेडच्या खांबाला लांब दोरीने बांधून काम करायची, म्हणजे तो यंत्राच्या पट्ट्याजवळ जाणार नाही. त्या दोरीची खूण खांबावर अजून आहे. काकाने "धूळ" म्हटलं की आई त्या खांबाकडे बघायची.

तर यंत्र बंद, आणि काम हाताने. अंगणाच्या पार टोकाला, वारा पलीकडे जाईल अशी जागा बघून, आई आणि बाबा जुना कापूस काठ्यांनी झोडपायचे. यंत्र ज्या गादीचा तासाभरात फडशा पाडतं तिला दिवस जायचा. आईच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. गिऱ्हाईकं दारात येऊन म्हणायची, "अजून नाही? जमिनीवर झोपतोय आम्ही." बाबा म्हणायचे, "उद्या." आम्ही इतक्या लोकांना इतका उद्या दिला होता की पुढच्या थंडीपर्यंत पुरला असता.

शाळेत मला म्हातारी म्हणतात. केसांत कायम कापसाचे तंतू असतात ना, म्हणून. आधी मी रडायचे. पण या वर्षी एक गोष्ट घडली आणि माझं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना.

झालं असं की गावच्या आरोग्य केंद्रात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, लहान मुलांच्या खोकल्यावर संशोधन करायला. मुलांच्या नाकात काडी घालून त्या शेंबडाचा नमुना घ्यायच्या. म्हणून गावाने त्यांचं नाव नाकवाल्या बाई ठेवलं. त्या आमच्या शाळेत माहिती सांगायला आल्या आणि म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?" आणि माझा हात आपोआप वर गेला.

"शेंबडात नेमकं काय बघता?"

वर्ग असा खिदळला की छप्पर उडालं असतं. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी काढली आणि माझ्याच बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. "खोकला सगळ्यांचा सारखाच ऐकू येतो," त्या म्हणाल्या, "पण आत बसलेला जंतू वेगळा असतो. मोठ्या प्रयोगशाळेतून उत्तर यायला इतके दिवस लागतात की तोवर मूल बरं तरी होतं, नाहीतर... म्हणून ही पट्टी. नमुन्याचं पाणी ती पिते. नीट प्यायली की पहिली रेघ उमटते. आणि आम्ही शोधतोय तो जंतू सापडला की दुसरी रेघ. चहा पिऊन होईपर्यंत उत्तर."

"पहिली रेघच आली नाही तर?" मी विचारलं.

"मग पट्टी मुकी. तिच्या बोलण्याला अर्थ नाही."

जाताना त्यांनी ती पट्टी मला दिली. मी ती कंपासपेटीत ठेवली. त्या दिवसापासून मी प्रत्येक तासाला हात वर करते. गणिताचे सर म्हणतात, "म्हातारे, आता खाली घे, खांदा निखळेल."

तर बोंड्याला त्या पट्टीकडे न्यायचं ठरलं. आणि न्यायचं म्हणजे आधी आवरायचं.

आमच्या गल्लीत मूल दवाखान्यात न्यायचं तर नाक चकचकीत पाहिजे. नुसतं पुसलेलं नाही चालत. आई नव्या कापसातला अगदी मऊ पुंजका निवडते, मांडीवर वळून त्याची बारीक वात करते, ती कोमट तेलात बुडवते, तेलात कणभर बाम घालते आणि मग एकेका नाकपुडीत फिरवते. आतलं सगळं बाहेर. वर पुन्हा एक तेलाचं बोट. बोंड्या किंचाळतो, पण नाक असं निघतं की त्यात तोंड बघावं. आईच्या वातींसारख्या वाती कुणाच्या नाहीत. दवाखान्याच्या वारी सकाळी गल्लीतल्या बायका आमच्या दारात उभ्या. "ए, दोन वाती दे ना गं." आई फुकट देते. तेवढीच तिची श्रीमंती.

पहिल्या वेळी पट्टी मुकी राहिली. बाईंनी दुसरी घेतली, तीही मुकी. त्या मान हलवत म्हणाल्या, "पाकीट खराब दिसतंय. नवीन मागवते." काही दिवसांनी नवीन पाकिटं आली. पुन्हा वात, पुन्हा तेल, पुन्हा किंचाळणं. पट्टी पुन्हा कोरी. मी खिडकीतून बघत होते. पट्टीवर पाणी चढायला लागलं आणि मध्येच थांबलं, चढावर दमलेल्या माणसासारखं.

"तुमच्या गावाला झालंय काय?" बाई कपाळ चोळत म्हणाल्या. "पलीकडच्या गावात पट्ट्या बोलतात. इथे आल्या की गप्प."

घरी आल्यावर काका अंगणातच उभा होता. "काय म्हणाली तुमची पट्टी?"

"काही नाही म्हणाली," बाबा म्हणाले.

"काही नाही म्हणजे जंतू नाही. म्हणजे धूळ. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"काही नाही म्हणजे नाही नव्हे," मी म्हणाले. "पहिली रेघच आली नाही, काका. म्हणजे पट्टी प्यायलीच नाही."

"ही बघा, डॉक्टर झाली." काका माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "दादा, मी भांडायला आलो नाही. माझं बाळ अजून मुठीएवढं आहे. त्या नाकवाल्या बाईंची गाडी परवा गाव सोडतेय म्हणे. तोवर काय ते कळलं तर ठीक. नाहीतर यंत्र उचला. शेडमध्ये ठेवायचं नाही."

"उचलून नेऊ कुठे?"

"ते मला काय माहीत?"

बाबांनी काठी उचलली आणि कापूस झोडायला लागले. एरवी बाबा झोडतात ते तालात. त्या दिवशी ताल नव्हता. कापूस उडून त्यांच्या भुवयांवर बसला आणि ते एकदम फार म्हातारे दिसले. मला स्वस्थ बसवेना. मी उठले, बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का? बस एका जागी." पण ती स्वतःही तीच तीच खोळ उलटसुलट करत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बोंड्या उसवलेल्या गादीवर बसून कापसाचे ससे करत होता. मला बघून हसला. मग थांबला. डोळे मोठे झाले. या वेळी "आला" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. मी धावले, माझा गुडघा पुढे केला, त्याने धरला. प्रत्येक खोकल्यासरशी त्याचं कपाळ माझ्या गुडघ्यावर आपटत होतं. मग आवाजच थांबला. तोंड उघडं, जीभ बाहेर, पण आत काही जाईना, बाहेर काही येईना. ओठ निळे, नखं निळी.

"आई!"

आई कशी आली ते मला दिसलंच नाही. तिने त्याला पालथा घेतला, पाठीवर थोपटलं, तोंडातला चिकट बेडका बोटाने ओढून काढला. तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. मग उलटी. मग रडणं. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही रडले.

"चल," बाबा दारातूनच म्हणाले. "लगेच."

आणि तेव्हासुद्धा, खरं सांगते, तेव्हासुद्धा आईने आधी तेलाची वाटी घेतली.

"आई, आता?"

"असाच नेऊ? बघ कसा दिसतोय." वात नेहमीसारखी अगदी सरळ फिरत होती. एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी. बोंड्यात किंचाळायचंही त्राण नव्हतं.

आरोग्य केंद्रात बाईंची खोकी बांधणं चालू होतं. अर्धी पाकिटं भरून झाली होती. बाकावर गल्लीतली इस्त्रीवाली आपल्या मुलीला घेऊन बसली होती. बाईंनी सगळं सोडून बोंड्याला घेतलं, छातीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला, बराच वेळ ऐकलं.

"आत्ता छाती साफ आहे," त्या म्हणाल्या. "उबळ गेली की हा बरा दिसतो. मला डांग्या खोकल्याची शंका आहे. पण त्यात उबळ संपताना जो कोंबड्यासारखा आवाज येतो तो याला येत नाही, त्यामुळे नुसतं बघून खात्री देता येत नाही. तोच असला तर औषध आहे. आणि हा भयंकर पसरतो. घरात आणखी लहान कुणी आहे?"

"भावाचं बाळ," बाबा म्हणाले. "आत्ताच झालेलं."

बाई ताडकन उठल्या. "मग मला आजच कळायला हवं," असं म्हणून त्यांनी खोकं फाडून नवं पाकीट काढलं. काडी, बाटली, थेंब, पट्टी. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाणी चढलं. थोडं चढलं. आणि थांबलं.

केंद्रातल्या सिस्टर कपाटाला टेकून उभ्या होत्या, त्या चुकचुकल्या.

"घरी नाकात काही घालता का?" बाईंनी विचारलं. "थेंब, तेल, काही?"

"नाही," आई चटकन म्हणाली. "काय घालणार बाई नाकात?"

"तुम्ही?" त्यांनी इस्त्रीवालीला विचारलं.

"छे! आम्ही नाही."

"सगळ्या हेच सांगतात," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि कोरी पट्टी डब्यात टाकली.

मी आईकडे बघितलं. तिच्या कमरेला वातींच्या कापसाची पिशवी होती, नेहमीसारखी. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला कळलं होतं की मला कळलंय. वर्गात हात वर करणं वेगळं. तिथे आई नसते.

मी हात वर केला. खरंच केला, सवयीने.

"घालतो," मी म्हणाले. "वात घालतो. कापसाची. तेलात बुडवून, वर बाम लावून. इथे यायच्या आधी. सगळ्याच घालतात. वाती आमच्याकडच्याच असतात."

"अगं, तुझी जीभ झडो!" इस्त्रीवाली म्हणाली.

आईची मान खाली गेली. कानशिलं लाल झाली. बाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "तेल," त्या म्हणाल्या. "अहो, तेल! तेलाने पट्टी पाणी पिणारच नाही. मी इतक्या वेळा विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही?"

"त्या कशाला सांगतील?" माझं तोंड आता थांबत नव्हतं. "मागच्या थंडीत सिस्टर आईला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. पोराचं नाक पुसून आणता येत नाही का, हा दवाखाना आहे की उकिरडा. आई त्या दिवशी औषध न घेताच परत आली. तेव्हापासून आम्ही वाती करतो. आणि वाती करतो म्हटलं तर तुम्ही म्हणणार, अडाणी, नाकात वाट्टेल ते घालतात. मग काय सांगायचं?"

"मी असं म्हणाले?" सिस्टर कपाटापासून सरळ झाल्या.

"मलाही म्हणाला होतात," इस्त्रीवाली भिंतीकडे बघत म्हणाली.

सिस्टरांचा हात गळ्याजवळच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. "गर्दी असते हो," त्या म्हणाल्या.

बाई आईच्या शेजारी येऊन बसल्या. "आता लगेच घेऊन उपयोग नाही, आत तेल आहे. उद्या सकाळी आमची गाडी निघायच्या आत या. तोवर वात नाही, तेल नाही, पाणी नाही. पुसायचंसुद्धा नाही. जे येईल ते तसंच येऊ दे. आधी औषध दिलं तर नमुना बिघडेल, म्हणून तो घेतला की लगेच औषध सुरू करू. आणि बाळाला तोवर याच्यापासून लांब ठेवा. पुन्हा ओठ निळे झाले तर वाट बघू नका, थेट या, मी इथेच आहे."

वाटेत आई माझा हात सोडून पुढे चालत राहिली. घरात शिरल्यावर म्हणाली, "चारचौघांत मला खोटं पाडलंस."

"आई, पण..."

"मला माहीत आहे पण." तिने तेलाची वाटी उचलली, बाबांच्या हातात दिली. "ही कुठेतरी ठेवा. मला दिसणार नाही अशी."

बाबांनी ती यंत्राच्या मागे फळीवर नेऊन ठेवली. काकाने अंगणापलीकडून विचारलं, बाबांनी सगळं सांगितलं. बाळाला लांब ठेवायचं म्हटल्यावर काका एक पाऊल मागे सरला. "म्हणजे तुमच्या बोंड्याचं आमच्या बाळाला..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. आतून काकीने दार लावून घेतलं. दोन्ही घरांत ये-जा करायचं ते दार मी बंद झालेलं कधी बघितलं नव्हतं.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. एवढंच सांगते की बोंड्याचं नाक वाहत होतं आणि आई ते बघत होती. हात रिकामा राहू नये म्हणून तिने दाभण घेतलं आणि गादीला टाके घालत बसली. फोड फुटलेल्या हाताने. मध्येच दाभण खाली ठेवून हात पुढे करायची, मग झटकन मागे घ्यायची आणि आणखी एक टाका घालायची. एरवी टाका घातला तरी आमची गादी मऊ लागते. त्या गादीला तिने इतके टाके घातले की ती फळीसारखी झाली. गिऱ्हाइकाला पुढे ती फार आवडली, पाठ दुखायची थांबली म्हणालं.

सकाळी बोंड्या बघण्यासारखा होता. दोन्ही नाकपुड्यांतून ओठांपर्यंत, वरचं वाळलेलं, खालचं ताजं, आणि त्यावर कापसाचे तंतू चिकटलेले. पांढऱ्या मिशाच. तो बाहीला पुसायला गेला की मी त्याचे दोन्ही हात धरून नाचायला लागायचे, म्हणजे तो पुसायचं विसरायचा. नाचून नाचून माझे पाय दुखले.

"आपण मागच्या वाटेने जाऊ," आई म्हणाली.

"मागची वाट लांब आहे," बाबा म्हणाले. "गाडी निघून जाईल."

म्हणजे बाजारातून. आईने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, बोंड्याला कडेवर घेतलं आणि निघाली. मी पुढे. बाबा मागे. गल्लीतल्या नळावर बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. नळाचं पाणी वाहत राहिलं आणि बोलणं थांबलं. ज्या बाईकडून सगळ्या वाती नेतात तिच्याच पोराचं हे नाक! एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. किराणा दुकानदार तराजू हातात धरूनच बाहेर आला. आमचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "गादीचं काय झालं?" आणि बोंड्याकडे बघून पुढचं गिळलं.

आईचा मोकळा हात. मी सारखी मागे वळून त्याच्याकडेच बघत होते. तो ओढणीच्या टोकाकडे जायचा, टोक धरायचा, अर्ध्यापर्यंत वर यायचा. मग ती मूठ वळून खाली घ्यायची. पुन्हा वर. पुन्हा खाली. तो हात तिचा राहिलाच नव्हता.

"बाजूला व्हा!" मी ओरडायला लागले. "नमुना चाललाय! बाजूला व्हा!"

"गप गं," आई दातओठ खात म्हणाली. "आणखी तमाशा नको."

"तमाशा झालाच आहे आई, आता जोरात चाल."

आणि चौकात नेमकी इस्त्रीवाली आली. काल माझी जीभ झडावी म्हणाली होती, पण बोंड्यावर तिचा भारी जीव. "अगं बाई, माझ्या राजा! कुणी बघितलंच नाही का तुझ्याकडे?" म्हणत तिने खांद्यावरचं फडकं काढलं आणि लाडाने हात पुढे केला. कोळशाच्या इस्त्रीशेजारचं गरम, स्वच्छ फडकं. ते बोंड्याच्या ओठाला टेकणार, इतक्यात आईने तिचं मनगट पकडलं. असं पकडलं की इस्त्रीवालीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या.

"हात लावायचा नाही!"

"अगं, पुसते नुसतं!"

"पुसायचं नाही." आईचा आवाज सगळ्या चौकात गेला. तिची ओढणी डोक्यावरून घसरली होती आणि तिने ती सावरली नाही. "हे असंच न्यायचंय. तुझ्या पोरीलाही असंच आण. वात घालू नकोस. माझ्या वातींनीच पट्ट्या मुक्या होतात. सांग सगळ्यांना, मी सांगितलं म्हणून."

मग ती चालायला लागली, आणि आता आम्हाला तिच्यामागून पळावं लागलं. हात अजून वर येत होता. पण मान वर होती.

केंद्राबाहेर गाडीत खोकी चढत होती. बाई पायरीवर उभ्या होत्या. बोंड्याला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "वा! असं नाक! सुंदर!" बोंड्याच्या शेंबडाला सुंदर म्हणणारं जगात दुसरं कुणी भेटणार नाही.

काडी गेली, बाहेर आली. बाटली. थेंब. पट्टी टेबलावर. सिस्टरांनी कपाटाजवळची जागा सोडली आणि आमच्यात येऊन वाकल्या. दारात काका उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही. आत आला नाही, चौकटीला धरून उभा राहिला.

पाणी चढायला लागलं. थोडं चढलं. मी श्वास रोखला. जिथे दर वेळी थांबायचं तिथे आलं, आणि थांबलं नाही. वर वर गेलं, टोकापर्यंत. आणि एक रेघ उमटली, लाल, ठळक.

"बोलली!" मी ओरडले.

"थांब," बाई म्हणाल्या. "अजून थांब."

बोंड्या टेबलाची कड धरून पट्टीकडे बघत होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आई कुणाकडेच नाही, आपल्या मुठीकडे. आणि मग पहिल्या रेघेच्या खाली काहीतरी दिसलं. आधी वाटलं सावली आहे. मग फिकट गुलाबी. मग रेघ.

"डांग्या खोकला," बाई म्हणाल्या. त्या आधीच उठून औषधाच्या कपाटाकडे निघाल्या होत्या. "याला आत्ता पहिला डोस. उबळी थांबायला वेळ लागेल, आठवडेही लागतील, धीर धरावा लागेल. पण याच्याकडून दुसऱ्यांना जाणं थांबेल. आणि तुम्हा सगळ्यांना औषध. बाळ कुठे आहे? बाळाला आणि आईला आत्ता घेऊन या."

काका चौकटीपासून हलला. मग थांबला. "म्हणजे धूळ नाही?" त्याने विचारलं.

"धूळ चांगली नाहीच," बाई म्हणाल्या. "पोराला शेडमध्ये ठेवू नका, तोंडाला फडकं बांधून काम करा. पण हा खोकला धुळीचा नाही."

काकाने बाबांकडे बघितलं. बाबांनी त्याच्याकडे. "पळ आधी," बाबा म्हणाले. "बाळाला आण." काका पळाला. यंत्राबद्दल कुणी काही बोललं नाही. पण बाबांचं बोट टेबलावर ताल धरत होतं, मी बघितलं.

बोंड्याने औषध घेतलं, तोंड वाकडं केलं, "कडू" म्हणाला. आई अजून तशीच उभी होती. मला वाटलं ती रडेल. ती बाईंकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता पुसू?"

"पुसा हो," बाई म्हणाल्या. "खुशाल पुसा."

सिस्टर पटकन पुढे झाल्या. त्यांनी ट्रेमधला कापसाचा बोळा उचलून आईसमोर धरला. हात थोडा अवघडलेला होता. आईने त्या बोळ्याकडे बघितलं, दोन बोटांनी दाबून बघितला, जशी ती गिऱ्हाइकाचा कापूस बघते.

"राहू दे सिस्टर," ती म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडली. "यात सरकीचे कण राहिलेत. टोचेल त्याला. हा माझा कापूस घ्या, तुमच्या ट्रेमध्येही ठेवा थोडा."

आणि तिने बोंड्याची हनुवटी धरून त्याचं नाक पुसलं.